जपानच्या राजवाड्यातली कविता

कवितेला बक्षीस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाल आणि नारळ येतो. घेणारा कोण? कुणीतरी पुष्कळ शिकलेला, पुस्तके छापलेला माणूस. आज आपण जपान देशातली एक निराळी चढाओढ पाहू.

जपान आपल्या पूर्वेला, समुद्रापलीकडे फार दूर आहे. तिथे सम्राट आहेत. कारभार लोकांनी निवडून दिलेली माणसे करतात, सम्राटांना मान आहे. दरवर्षी जानेवारीच्या सुमारास टोकियो शहरात त्यांच्या वाड्यात कविता म्हणण्याचा समारंभ होतो. ही रीत सातशे वर्षांहून जुनी आहे. पण पूर्वी ती दरबारी मंडळींपुरतीच होती. १८७४ साली साध्या माणसांच्याही कविता घेऊ लागले. १८७९ पासून त्यांतल्या निवडक कविता समारंभात म्हटल्या जाऊ लागल्या.

ही कविता लहान असते. ओळी पाच, अक्षरे ३१. जात्यावरच्या ओवीसारखी, एका दमात म्हणून होते.

एक शब्द वर्षभर आधी जाहीर करतात. तो शब्द कवितेत आलाच पाहिजे. एका माणसाने एकच कविता पाठवायची. ती कुंच्याने, शाईने, स्वतःच्या हाताने कागदावर लिहायची. सोबत नाव, पत्ता, वय आणि धंदा लिहायचा. वयाची अट नाही. शाळेतली मुले कविता पाठवतात आणि ऐंशी ओलांडलेल्या आजीही पाठवतात. आंधळ्या माणसाने बोटांनी वाचायच्या लिपीत पाठवली तरी चालते. आजाऱ्याने दुसऱ्याकडून लिहून घ्यावी, फक्त कारण कळवावे.

स्वतःच्या हाताने लिहायची ही अट आम्हाला फार आवडली. छापलेले अक्षर सगळ्यांचे सारखेच. हातचे अक्षर वाकडे असेल, पण ते आपले असते.

हजारो कविता येतात. त्यांतून दहाच्या आसपास निवडतात. त्या माणसांना वाड्यात बोलावणे जाते. तिथे एकेकाचा प्रांत आणि नाव पुकारतात. तो उठून उभा राहतो. मग त्याची कविता जुन्या चालीत, सूर लांबवून, सावकाश म्हणतात. सम्राट बसून ऐकतात. त्यांची स्वतःची कविता सगळ्यांच्या शेवटी येते. ती तीनदा म्हणतात. म्हणजे थोरला-धाकटा हा भेद तिथेही आहेच, बरं का! पण म्हणण्याची चाल सगळ्यांना तीच.

आता २०१२ सालची गोष्ट ऐका. त्या सालासाठी शब्द दिला होता ‘काठ’. नदीचा काठ, समुद्राचा काठ. २०११ च्या जानेवारीत तो जाहीर झाला. तेव्हा कुणाच्या मनात काही नव्हते. पुढे दोनच महिन्यांनी, ११ मार्चला, समुद्राच्या तळाशी मोठा भूकंप झाला. पाण्याच्या डोंगराएवढ्या लाटा जपानच्या ईशान्य काठावर चढल्या. गावेच्या गावे धुऊन गेली. १८ हजारांहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली.

शब्द मात्र दिलेला होता, आणि तो तोच राहिला. आता तो कागदावर लिहायचा कसा? ज्याचे घर काठावर होते, त्याला ही दोन अक्षरे किती जड गेली असतील! तरी लोकांनी लिहिले. त्या वेळचे सम्राट अकिहितो यांनीही त्या लाटेवरच कविता केली. लाट आली तेव्हा हा काठ कसा असेल, असा त्यांना प्रश्न पडला होता. खाली समुद्र तर निळा आणि शांत दिसत होता.

समारंभ संपला की पुढच्या सालचा शब्द सांगतात. २०२३ साली शब्द होता ‘मित्र’, २०२५ साली ‘स्वप्न’.

अभ्यास : ‘काठ’ हा शब्द पाटीवर लिहा. आपल्या गावच्या नदीचा, ओढ्याचा किंवा विहिरीचा काठ आठवा. त्यावर दोन ओळी करा. करताना बोटांवर अक्षरे मोजा. उद्या वर्गात वाचून दाखवा, आणि खाली आपले नाव, गाव, वय व धंदा लिहायला विसरू नका.