चोवीस तासांत खत होत नाही

आमच्या पुण्यातल्या सोसायटीने ओल्या कचऱ्यासाठी विजेवर चालणारं महागडं यंत्र घेतलं. आज कचरा टाका, उद्या खत काढा, असं विक्रेत्याने सांगितलं होतं. निघायचा तो कोरडा, तपकिरी भुगा. बागेत पसरला, पाऊस पडला आणि त्याला बुरशी येऊन घाण वास सुटला. कुंड्यांतली रोपं पिवळी पडली. यंत्र कचरा तापवून नुसता वाळवत होतं. वर विजेचं बिल होतंच.

कुजवणं हे जिवाणूंचं काम, आणि त्याला वेळ लागतो. कच्चा भुगा मातीत भिजला की कुजणं तिथेच सुरू होतं. मुळांजवळचा प्राणवायू संपतो, आम्लं तयार होतात. मुळांना हे सोसत नाही.

आता मी घरीच खत करते. भोकं असलेलं झाकणाचं पिंप घ्यावं, तळाशी नारळाच्या शेंड्या घालाव्यात. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर निदान तेवढाच वाळका पालापाचोळा हवा. यात कंजुषी नको. पुण्यात कितीतरी ठिकाणी हाच पाला झाडून जाळतात, याचं मला फार वाईट वाटतं. विरजणाला आंबट ताक किंवा मूठभर जुनं खत पुरतं. आठवड्यातून एकदा वर-खाली करावं. मूठ दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, इतपतच ओल असावी. वास आला की पाणी जास्त झालंय असं समजून पाला वाढवावा. जाड पांढुरक्या अळ्या दिसल्या तर घाबरू नये, त्या कचराच खातात. मांस-मासळी आणि तेलकट उरलंसुरलं मात्र सुरुवातीला टाकू नये. दोन-तीन महिन्यांत मातीचा वास येणारं काळं खत मिळतं.

एवढा खटाटोप कशासाठी? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जाऊन पडला. तिथल्या विहिरी नासल्या, गावकऱ्यांना आंदोलनं करावी लागली. ढिगाखाली हवेविना कुजणाऱ्या अन्नातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. शिवाय सगळं एकत्र टाकलं, तर सुका माल वेगळा काढण्यासाठी त्या घाणीत कचरावेचक बायांनाच हात घालावा लागतो.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं सांगितलं. त्यामुळे यंत्राचा ठराव तुमच्याही कमिटीपुढे येईल. तेव्हा विक्रेत्याकडून तयार खताचा नमुना मागून घ्या. थोडा ओला करा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर दुर्गंधी आली, तर ते खत नव्हे. त्या ठरावावर सही करू नका.