घरच्या लोखंडकामासाठी लहान ड्रिल मशीन निवडताना



आयटीआय शिकून गावी परतलेल्या एखाद्या मुलाला यंत्र घेऊन द्यायचे असेल तर कोणते द्यावे, असे मंडळीतील काही जणांनी मला विचारले होते. वेल्डिंग मशीन बहुतेकांना आपोआप सुचते. त्यानंतर लागते ती टेबलावर ठेवायची लहान ड्रिल मशीन, आणि तिच्या निवडीत फसगत फार होते. मी उभा जन्म कारखान्यात फिटर म्हणून काढला, तरी माझी झाली. म्हणून हा धडा.

मुलगा अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. घराच्या पडवीतच त्याचे दुकान. कोळप्याच्या पासा, कुदळी, खिडकीच्या जाळ्या, मोटरसायकलची किरकोळ कामे. त्याच्यासाठी पैसे जमले तेव्हा मी शहरातल्या एका दुकानात गेलो. "तेरा एमएमची आहे, हलकी आहे, डोंगरावर न्यायला सोपी," एवढे ऐकून मशीन घेतली. दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. "काका, पासेला भोक पडतच नाही. तीन ड्रिल जळाले."

चूक माझी होती. तेरा एमएम म्हणजे चकमध्ये तेरा मिलिमीटरपर्यंतचा ड्रिल धरता येतो, एवढेच. तो लोखंडातून नीट उतरेल की नाही, हे मशीनच्या सर्वांत कमी वेगावर आणि तिच्या सांगाड्यावर ठरते. हे मी दुकानात विचारलेच नाही.

हिशेब सोपा आहे. साध्या लोखंडात एचएसएस ड्रिलची धार मिनिटाला सुमारे २५ मीटर चालली तर टिकते. या २५ ला १००० ने गुणा आणि ३.१४ गुणिले ड्रिलचा व्यास, याने भागा. ६ मिमीच्या ड्रिलला मिनिटाला साधारण १३०० फेरे येतात, १० मिमीला ८०० आणि १२ मिमीला ६६०. ड्रिल जाड होत जाईल तसे फेरे कमी हवेत. आता पास बनते ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून. ते पोलाद कडक. भट्टीत लाल करून राखेत हळूहळू निववले तरी त्याला मिनिटाला १२ मीटरच्या वर वेग सोसत नाही. म्हणजे १० मिमीच्या भोकाला ३८० फेरे. आमची मशीन ९०० च्या खाली येतच नव्हती. ड्रिल जळणार नाही तर काय होणार?

म्हणून दुकानात पहिला प्रश्न असा: सर्वांत कमी वेग किती? पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनचे झाकण उघडून पुली बघा. मोटर १४४० फेऱ्यांची असेल, तिची लहान पुली ५० मिमीची आणि स्पिंडलची मोठी १५० मिमीची असेल, तर वेग तिसरा हिस्सा, म्हणजे ४८० होतो. घरच्या दुकानाला एवढे चालते. मध्ये आणखी एक पुली आणि दोन पट्टे असतील तर वेग त्याहूनही खाली आणता येतो. तशी मशीन परवडत असेल तर तीच घ्यावी.

दुसरी गोष्ट ताठपणाची. स्पिंडल पूर्ण खाली ओढा, चक मुठीत धरून बाजूला हलवा. खटखट जाणवली तर मशीन परत ठेवा. मग टेबलाच्या पुढच्या कडेवर हाताचा भार द्या. टेबल वाकताना दिसले, तर काम करतानाही ते वाकणार आणि भोक तिरपे जाणार. टेबल स्पिंडलला काटकोनात आहे का, हे पाहायला महागडे साधन लागत नाही. चकमध्ये वाकवलेली तार धरा, टोक टेबलाला जेमतेम टेकेल असे ठेवा आणि चक हाताने फिरवा. चारही बाजूंना फट सारखी दिसली पाहिजे. दुकानदार घाई करतो. करू द्या.

खांबापासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतचे अंतरही मोजा. ते १०० मिमी असेल, तर २०० मिमी रुंद पट्टीच्या मधोमध भोक पडते, त्याहून रुंद पट्टीच्या नाही.

मोटर अर्धा हॉर्सपॉवर पुरे, सिंगल फेज. त्याहून मोठ्या मोटरची हौस पाड्यावर परवडत नाही, कारण तिथे संध्याकाळी वीज पडलेली असते. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले, तर अशा मोटरचा जोर साठ टक्क्यांवर येतो. तेव्हा ती गुरगुरते, तापते आणि शेवटी जळते. जाड भोके सकाळी पाडायची, असे मी त्याला सांगून ठेवले आहे.

आणि सगळे पैसे मशीनवर घालू नका. व्हाइस आणि दोन क्लॅम्प यांचे पैसे आधी बाजूला काढा. माझ्या डाव्या अंगठ्यावर आडवी खूण आहे. तरुणपणी पातळ पट्टी हातात धरून भोक पाडत होतो. ड्रिल पट्टीतून पलीकडे निघतो त्या क्षणी तो पट्टी पकडतो आणि गरकन फिरवतो. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. अंगठा वाचला तो नशिबाने. काम व्हाइसमध्ये धरलेले असावे, व्हाइस टेबलाला बोल्टने बांधलेली असावी, डोळ्यांवर चष्मा असावा. हातमोजे मात्र ड्रिलजवळ कधीच नकोत, गळ्यात गमछाही नको. मुलींनी वेणी घट्ट वर बांधावी. चकची चावी चकमध्ये विसरून बटण दाबणारे मी कारखान्यातही पाहिले आहेत.

पहिली मशीन आम्ही तोटा सोसून विकली. दुसरी बिडाच्या बैठकीची, दोन पट्ट्यांची, वजनदार. डोंगरावर नेताना खांब सोडवून डोके वेगळे केले आणि चौघांनी आळीपाळीने उचलले. वाटेत मला शिव्या ऐकू आल्या नाहीत, पण त्या मनात असणार.

मागच्या महिन्यात तो म्हणाला, "काका, एका ड्रिलवर बावीस पासा झाल्या, आता धार गेली." नवा ड्रिल घ्यायला तो शहरात निघाला होता. मी थांबवले. ग्राइंडरवर ११८ अंशांची धार हातानेच कशी लावायची, ते त्याला शिकवायचे आहे. तो धडा पुढच्या अंकात.