फिल्डिंग लावताना

क्रिकेटच्या व्हिडिओ गेममध्ये सगळ्यात स्वस्त सुख कोणतं, तर पॉझ दाबून फिल्डर हलवणं. बॅटिंगला टायमिंग लागतं, बॉलिंगला बोटांवर ताबा लागतो. फिल्डिंग बदलायला नुसता वेळ लागतो, आणि मेच्या सुट्टीत, बाहेर ऊन रणरणत असताना, वडोदऱ्यात वेळेला तोटा नसतो. आमच्या पिढीने हे सुख ईए स्पोर्ट्सच्या ‘क्रिकेट ०७’ मध्ये चाखलं. दांडिया बाजारातल्या कुणाच्या तरी माळ्यावर एकच कॉम्प्युटर, एकाच्या हातात कीबोर्ड, दुसऱ्याच्या हातात अर्धवट चालणारी जॉयस्टिक, आणि हरेल त्याने सगळ्यांना सेवउसळ खिलवायची. आता भाचा पुण्याच्या नॉटिलस कंपनीचं ‘रिअल क्रिकेट’ आणि चेन्नईच्या नेक्स्टवेव्हचं ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’ मोबाइलवर खेळतो आणि टीव्हीला कन्सोल जोडला की मला शेजारी बसवतो. खेळाडूंचे चेहरे आता ओळखू येतात, मैदानावर सावल्या पडतात. पण फिल्डिंगच्या नादात सामना घालवायची रीत जुनीच आहे.

ती कशी, ते एका ओव्हरमध्ये दिसतं. भाच्याने मिडविकेटवरून लागोपाठ दोन चौकार मारले. मी पॉझ दाबला, थर्ड मॅन उचलून डीप मिडविकेटला नेला, डीप स्क्वेअर लेग थोडा सरळ केला, लाँगऑन होताच. नकाशावर लेग साइड भरलेली दिसायला लागली आणि फार बरं वाटलं. मग बॉल टाकला तो नेहमीचाच, ऑफस्टंपच्या बाहेर गुडलेंग्थ. त्याने बॅटचं तोंड उघडून तो नुसता मागे सरकवला. थर्ड मॅनची जागा मोकळी, चार रन. पुन्हा पॉझ, थर्ड मॅन परत जागेवर, आणि पुढचा बॉल आखूड. तो गेला मिडविकेटवरून. शेवटी तो गादीवर लोळत म्हणाला, “मामा, तू फिल्डर लेगला नेलास, मग बॉल ऑफला कशाला टाकतोस?”

बारा वर्षांच्या मुलाने विचारलेला हा प्रश्न फिल्डिंगबद्दलच्या कुठल्याही पुस्तकी उपदेशापेक्षा कामाचा आहे. आपण फिल्डर हलवतो मागच्या बॉलवर आणि बॉल टाकतो सवयीने. दोघांचा एकमेकांशी संबंध नसतो. क्रम उलटा हवा. आधी ठरवायचं, हा बॉलर या बॅट्समनला कुठला बॉल टाकणार. मग विचार करायचा की त्या बॉलवर कुठले फटके सहज बसतात. माणसं त्या वाटेवर उभी करायची. लेगला पाच जण नेले असतील तर बॉल स्टंपवर किंवा अंगावर, शक्यतो वेग काढून घेतलेला. ऑफस्टंपच्या बाहेरचा बॉल त्या ओव्हरपुरता विसरायचा. ऑफ साइड भरली असेल तर बाहेरची लाइन धरायची आणि पॅडवर एकही बॉल द्यायचा नाही. तुमच्या बॉलरला ती लाइन धरता येत नसेल, गेममध्ये त्याचा अचूकतेचा आकडा कमी असेल, तर अशी एकतर्फी फिल्डिंग त्याच्यासाठी नाहीच. त्याला आपली साधी, चहूकडे पसरलेली बरी. हे मनाला लागतं, कारण एकतर्फी फिल्डिंग हुशारीची दिसते.

या हुशारीचं माहेर बेसबॉलमध्ये आहे. तिथे तिला शिफ्ट म्हणतात. १४ जुलै १९४६ रोजी क्लीव्हलँडचा खेळाडू-व्यवस्थापक लू बुद्रो याने बॉस्टनच्या टेड विल्यम्ससमोर जवळजवळ सगळे फिल्डर मैदानाच्या उजव्या बाजूला नेऊन उभे केले, कारण डावखुरा विल्यम्स बॉल तिकडेच ओढायचा. युक्ती आधीही कुणी कुणी केली होती, पण नाव बुद्रोचं झालं. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला विल्यम्सने त्याच क्लीव्हलँडविरुद्ध बॉल डावीकडे, मोकळ्या बाजूला मारला आणि तो परत येईपर्यंत स्वतः चारही तळ पळून घरी पोचला. मैदानातच बॉल राहून झालेला त्याच्या कारकिर्दीतला हा एकमेव होमरन. सामना बॉस्टनने १-० ने जिंकला आणि लीगचं विजेतेपदही त्याच दिवशी पक्कं झालं. पुढे आकडेवारीच्या जमान्यात शिफ्ट इतकी बोकाळली, की अमेरिकेच्या मेजर लीगने २०२३ पासून तिच्यावर बंधन घातलं: बॉल सुटताना सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना इनफिल्डचे दोन-दोन खेळाडू हवेत.

बेसबॉलचे गेम खेळून आलेली मुलं क्रिकेटच्या गेममध्ये हीच शिफ्ट लावायला जातात. न्यूजर्सीहून दिवाळीला आलेली आमच्या नात्यातली पोरं हटकून हे करतात. तिथलं गणित वेगळं आहे. बेसबॉलमध्ये बॉल मारायची वैध जागा म्हणजे समोरचा काटकोन, आणि बॅट गोल, त्यामुळे दिशा निवडणं अवघड. क्रिकेटमध्ये बॅट चपटी, मैदान पूर्ण वर्तुळ, आणि बॉलर-कीपर सोडून नऊच माणसं ते राखायला. तिथे एक माणूस हलवला तर एक फट पडते. इथे अख्खं शेत मोकळं पडतं. म्हणून क्रिकेटच्या गेममध्ये एका वेळी एकच माणूस हलवावा आणि त्याची जागा कोण राखणार ते त्याच क्षणी बघावं. थर्ड मॅन काढला तर पॉइंट थोडा मागे. फाइन लेग आत घेतला तर स्क्वेअर लेग बाहेर. दोन माणसं एकदम हलवायची वेळ आली, की फिल्डिंग नव्हे, बॉलर बदलायची वेळ आलेली असते.

आता जी गोष्ट मला फार उशिरा उमगली आणि जी गेम कधी सांगत नाही, ती डावखुऱ्यांची. बडोद्याच्या संघाला डावखुऱ्यांची जुनी सवय आहे. मार्च १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात इथेच, होळकरांच्या संघाविरुद्ध, विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या विकेटसाठी ५७७ रन जोडले. हजारे २८८, गुल महंमद ३१९. सगळ्या प्रथम श्रेणी क्रिकेटमधला तो विक्रम २००६ मध्ये संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ ची भागीदारी करेपर्यंत टिकला. हजारे उजव्या हाताने खेळणारे, गुल महंमद डावखुरे. समोर कर्णधार कोण, तर सी. के. नायडू. एकेक रन निघाला की सगळ्या फिल्डरांनी मैदान ओलांडून पलीकडे जायचं, हे त्या उन्हात किती वेळा झालं असेल याची कल्पना करा.

गेममध्ये ही पायपीट नसते. स्ट्राइक बदलली की फिल्डिंग आपोआप आरशात पाहावी तशी उलटते, आणि घोळ इथेच होतो. फिल्डर उलटतात, बॉल उलटत नाही. उजव्या बॅट्समनला ऑफस्पिनरचा बॉल आत वळतो, तो लेगला खेळतो, म्हणून तुम्ही लेगला माणसं वाढवलीत. एक रन निघून डावखुरा समोर आला. आरशाने ती सगळी माणसं त्याच्या लेगला नेली. पण त्याच ऑफस्पिनरचा बॉल त्याच्यासाठी बाहेर वळतो आहे. तो कव्हरमधून, पॉइंटमधून खेळणार, आणि तिथे रान मोकळं. डावखुऱ्या कृणाल पंड्याला समोर ठेवून भाच्याने मला अशा किती ओव्हर खाऊ घातल्या, ते विचारू नका. उपाय दोन. एक तर स्पिनरसाठी उजव्या आणि डाव्या बॅट्समनची फिल्डिंग वेगवेगळी सेव्ह करून ठेवायची. ते शक्य नसेल तर डावी-उजवी जोडी असेपर्यंत स्पिनरला मधली, दोन्ही बाजूंना सारखी फिल्डिंग द्यायची. बॉलर राउंड द विकेट आणला की कोनही बदलतो, तेव्हा नकाशा पुन्हा एकदा बघायचा. वेगवान बॉलरला ही अडचण कमी, पण इनस्विंग-आउटस्विंगवर भिस्त असेल तर तिथेही हेच.

समोर कॉम्प्युटर आहे की माणूस, यावरही पुष्कळ ठरतं. मी खेळलेल्या बहुतेक गेममध्ये सोप्या पातळीवरचा कॉम्प्युटर बॉलची लाइन-लेंग्थ बघून फटका मारतो, फिल्डिंगची फारशी पर्वा करत नाही. त्याच्यासाठी फिल्डर मोकळ्या जागेत नव्हे, त्याचा फटका जिथे उंच जातो तिथे ठेवावा; कॅच मिळतात. अवघड पातळीवर तो फटी शोधू लागतो. माणूस तर पहिल्यापासून कोपऱ्यातला छोटा नकाशा वाचत असतो. तुम्ही लेगला माणसं नेलीत की बॉल कुठे येणार हे तुम्ही त्याला सांगूनच टाकलं. म्हणून माणसाविरुद्ध फिल्डिंग ओव्हरच्या सुरुवातीला लावावी आणि मध्ये शक्यतो हात लावू नये. फसवायचंच असेल तर लेग साइड भरून एखादा बॉल ऑफच्या बाहेर यॉर्कर टाकावा, पण तेव्हा थर्ड मॅन बाउंड्रीवर हवाच. ही चाल ओव्हरमध्ये एकदाच चालते. दुसऱ्यांदा पोरं ओळखतात.

नियमांची बाजू थोडक्यात. स्क्वेअर लेगच्या मागे दोनपेक्षा जास्त फिल्डर ठेवता येत नाहीत. ही अट बॉडीलाइनच्या वादळानंतर कायद्यात आली. मर्यादित ओव्हरच्या सामन्यात लेगला पाचच. ट्वेंटी-२० मध्ये पहिल्या सहा ओव्हर वर्तुळाबाहेर दोन माणसं, नंतर पाच. बरेच गेम तुम्हाला नियमाबाहेर जाऊ देत नाहीत, पण सातव्या ओव्हरला आपण होऊन माणसं बाहेर पाठवतीलच असंही नाही. समोरच्याच्या हातात कोलीत दिल्यासारखं होतं ते. सहावी ओव्हर संपली की पॉझ दाबून मोजा: बाहेर किती आहेत? दोनच असतील तर तीन माणसं फुकट आत उभी आहेत.

आणि सेव्ह करायच्या फिल्डिंगची यादी लांबवू नका. मी तिला हौसेने नावं दिली होती, ‘जाळं’, ‘गनिमी कावा’ वगैरे, आणि ऐन वेळी कुठल्यात काय आहे ते आठवेना. आता चारच आहेत आणि नावात सरळ बॉलच लिहिलेला आहे: ‘वेगवान, ऑफबाहेर’, ‘स्लोअर, स्टंपवर’, ‘ऑफस्पिन, उजवा’, ‘ऑफस्पिन, डावा’. ऑनलाइन सामन्यात फिल्डिंगला घड्याळ लागलेलं असतं, तिथे एवढ्यातूनच निवडावं लागतं. लेगस्पिनरची फिल्डिंग अजून हाताने लावतो, कारण त्याचा गुगली भाच्याला ओळखू येतो की नाही यावर माझा अजून निकाल लागलेला नाही.