लाखभर किलोमीटर धावलेली पहिली गाडी

प्रश्न : नाशिकमध्ये १ लाख २० हजार किलोमीटर धावलेली पेट्रोल मोटार पहिली गाडी म्हणून घ्यावी का?

उत्तर : केवळ आकड्यावरून निर्णय करू नये, कारण महामार्गावरील सलग प्रवासापेक्षा शहरातील थांबत-सुटत चालणे क्लचला, म्हणजे इंजिनाची शक्ती गिअरपेटीकडे नेणाऱ्या जोडणीला, अधिक झिजवते, शिवाय मीटर मागे फिरवता येत असल्याने सर्व्हिसच्या नोंदी आणि पेडलच्या रबराची झीज त्याच्याशी ताडून पाहावी. कसारा घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच संपत आला आहे, आणि थंड इंजिन सुरू करताना निळसर धूर निघाल्यास ऑइल जळते आहे असे समजावे; पहिले दुरुस्त होते, दुसऱ्यापासून नवशिक्याने दूरच राहावे. नोंदणी पुस्तकावरील कर्जाचा बोजा उतरल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये.