रुग्णालयाची उभारणी आणि एकत्रित करार

रुग्णालयाच्या इमारतीचे वैशिष्ट्य

राहत्या घराच्या बांधकामात विजेच्या तारा, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची वाट एवढी सोय केली म्हणजे काम भागते. रुग्णालयाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या मार्गिकेतून चालताना वर जे स्वच्छ पांढरे छत दिसते, त्याच्यामागील पोकळीत वातानुकूलनाचे रुंद पत्र्याचे बोगदे, प्राणवायूच्या तांब्याच्या नळ्या, गरम व थंड पाण्याचे नळ, आग विझविणाऱ्या फवाऱ्यांचे जाळे, विजेच्या तारांची पन्हळे आणि वरच्या मजल्यावरील सांडपाण्याचे नळ दाटीवाटीने बसविलेले असतात. यांपैकी प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत. सांडपाण्याच्या नळाला उतार द्यावाच लागतो, त्यामुळे तो वाटेल तेथे वर उचलता येत नाही. वाऱ्याचा बोगदा अरुंद केला तर शस्त्रक्रियागृहाला पुरेशी शुद्ध हवा मिळत नाही. तुळई तर कोणासाठीच बाजूला सरत नाही. एका हाताच्या जागेसाठी पाच-सहा कारागिरांची येथे स्पर्धा असते. ही स्पर्धा कागदावर मिटवावयाची की बांधकामाच्या जागेवर, यावर इमारतीचा खर्च, तिचा काळ आणि तिची सुरक्षितता अवलंबून असते.

भूकंपाने दिलेला धडा

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात या प्रश्नाला जीवनमरणाचे स्वरूप आले. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी सॅन फर्नांडो येथे झालेल्या भूकंपात माजी सैनिकांचे एक जुने रुग्णालय कोसळून चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जवळच सिल्मार येथे ‘ऑलिव्ह व्ह्यू’ हे नुकतेच उभारलेले रुग्णालय होते. तेही इतके मोडकळीस आले की, पुढे पाडून टाकावे लागले. त्याच्या जागी अधिक भक्कम नवी इमारत बांधण्यात आली. १७ जानेवारी १९९४ रोजी नॉर्थरिजचा भूकंप झाला, तेव्हा या नव्या इमारतीचा सांगाडा उत्तम टिकला. परंतु फवाऱ्यांचे व पाण्याचे नळ फुटले, मजल्यांवर पाणी पसरले आणि रुग्णांना बाहेर हलवावे लागले. सांगाडा उभा असूनही, नेमक्या गरजेच्या वेळी रुग्णालय निरुपयोगी ठरले.

सांगाडा ज्याने आखला त्याचे काम चोख होते. नळ ज्याने बसविले त्याचेही काम एरवी पुरेसे झाले असते. पण इमारत हलू लागली म्हणजे नळ, छत आणि तुळया एकमेकांशी कशा वागतील, हा प्रश्न एकट्या कोणाच्याच कक्षेत मावत नाही. तो सर्वांनी मिळूनच सोडवावा लागतो.

१९९४ मध्येच कॅलिफोर्नियाने कायदा करून कोसळण्याचा धोका असलेल्या रुग्णालयांच्या इमारतींना २००८ पर्यंतची मुदत घालून दिली. तोवर त्या मजबूत कराव्यात किंवा त्यांतील रुग्णसेवा बंद करावी, असे ठरले. पुढे अनेकांची मुदत २०१३ पर्यंत वाढविण्यात आली. वेळेत इमारत उभी राहिली नाही, तर त्या भागातील लोकांचा तातडीचा उपचारच हिरावला जाणार होता.

जुनी रीत आणि तिचे दोष

सर्वत्र चालत आलेली रीत अशी की, मालक प्रथम वास्तुशिल्पज्ञाकडून सर्व आराखडे करून घेतो. नंतर निविदा मागवितो आणि सर्वांत कमी रकमेच्या कंत्राटदारास काम देतो. या रीतीत पारदर्शकता आहे, हा तिचा मोठा गुण आहे. परंतु ज्यांच्या हातांनी नळ व बोगदे बसावयाचे, त्या कारागिरांचा सल्ला आराखड्याच्या वेळी कोणी घेत नाही. बोगदा व तुळई एकाच जागी येतात, हे तुळई ओतून झाल्यावर कळते. मग काम थांबते, पत्रव्यवहार सुरू होतो आणि जादा कामाचे बिल येते. चूक दुसऱ्याची ठरली तर आपला तोटा टळतो, म्हणून प्रत्येक जण आपले कागद सांभाळतो; इमारतीची काळजी मात्र कोणाकडेच राहत नाही. हा माणसांच्या स्वभावाचा दोष नव्हे. करारनाम्यानेच त्यांचे हितसंबंध परस्परविरोधी केलेले असतात.

एकत्रित कराराची रचना

यावर उपाय म्हणून जी पद्धती पुढे आली, तिला एकात्मिक प्रकल्प-पद्धती म्हणता येईल. अमेरिकेतील वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेने २००७ मध्ये तिची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. या पद्धतीत मालक, वास्तुशिल्पज्ञ, मुख्य कंत्राटदार आणि प्रमुख पोटकंत्राटदार हे सर्व आरंभीच एकाच करारनाम्यावर सह्या करतात. इमारतीचे लक्ष्यमूल्य सर्वांनी मिळून ठरवावयाचे. प्रत्यक्ष खर्च मालकाने हिशेब पाहून भरावयाचा. नफा मात्र सर्वांचा एकत्र ठेवावयाचा.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, लक्ष्यमूल्य नफा धरून १०० कोटी रुपये ठरले; त्यात ९० कोटी खर्च व १० कोटी नफा. खर्च ८६ कोटींतच भागला, तर वाचलेले ४ कोटी मालक व इतर भागीदार ठरल्या प्रमाणात वाटून घेतील. खर्च ९४ कोटींवर गेला, तर ४ कोटी सर्वांच्या नफ्यातून वजा होतील आणि ६ कोटीच उरतील. खर्च १०० कोटींच्याही पुढे गेला, तर नफा शून्य होईल आणि वरचा भार मालकावर पडेल. वीजकामगाराची अडचण नळवाल्याने सोडविली, तर त्यात नळवाल्याचाही लाभ असतो. दोष दुसऱ्यावर ढकलून येथे कोणाचाच फायदा होत नाही.

कॅस्ट्रो व्हॅलीचे रुग्णालय

सॅन फ्रान्सिस्कोजवळील कॅस्ट्रो व्हॅली येथे ‘सटर हेल्थ’ या संस्थेने ‘ईडन’ रुग्णालयाची नवी इमारत याच पद्धतीने उभारली. हेवर्ड नावाची भूकंपप्रवण भेग तेथून फार दूर नाही. सुमारे १३० खाटांच्या आणि सुमारे ३२ कोटी डॉलर खर्चाच्या या कामाच्या करारनाम्यावर ११ पक्षांच्या सह्या होत्या. हे सर्व ठराविक दिवशी एका मोठ्या खोलीत एकत्र बसत. संगणकावर इमारतीची त्रिमिती प्रतिकृती तयार करण्यात आली. तिच्यात प्रत्येक नळ व बोगदा आपापल्या जागी बसवून पाहता येत असे. टक्कर दिसली की ती पडद्यावरच सोडविली जाई.

राज्याच्या तपासणी कार्यालयाचा सहभागही महत्त्वाचा होता. एरवी संपूर्ण आराखडे एकदम तपासणीस जातात व त्रुटी निघाल्या की परत येतात. येथे तपासनीस अभियंते टप्प्याटप्प्याने आराखडे पाहत गेले, त्यामुळे शंका वेळीच निरसन पावल्या. १ जानेवारी २०१३ ही मुदत होती. रुग्णालय २०१२ च्या डिसेंबरात सुरू झाले.

या पद्धतीत नियोजनाचाही एक साधा नियम पाळला जातो. ग्लेन बॅलार्ड व ग्रेग हॉवेल यांनी तो रूढ केला. पुढील आठवड्यात काय होईल, हे वरिष्ठांनी हुकमाने न सांगता, काम करविणाऱ्या मुकादमांनीच वचन देऊन सांगावयाचे. आठवड्याअखेर किती वचने पूर्ण झाली ते मोजावयाचे. जी राहिली त्यांची कारणे शोधावयाची, माणसास दोष द्यावयाचा नाही.

मर्यादा

ही पद्धती सर्व रोगांवरील औषध नव्हे. मालकाला दररोज लक्ष घालावे लागते. हिशेब उघडा ठेवण्याइतका विश्वास सर्वांच्या ठायी असावा लागतो. लहान, साध्या इमारतीसाठी एवढा खटाटोप परवडत नाही. शिवाय सार्वजनिक पैशाचा विनियोग करणाऱ्या संस्थांना खुली स्पर्धा टाळता येत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने यावर मध्यम मार्ग काढला. तेथे २००३ पासून देशभर लागू झालेल्या योजनेत कंत्राटदारांची यादी प्रथम स्पर्धेने ठरते. नंतर रुग्णालय त्यांतून भागीदार निवडून आराखड्यापासूनच त्याला सोबत घेते. भारतात शासकीय बांधकामे प्रायः सर्वांत कमी रकमेच्या निविदेस मिळत आली आहेत. केंद्रीय वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काही कामांत किमतीबरोबर गुणवत्तेलाही गुण देण्याची मुभा दिली. एकत्रित करार याहून बराच पुढचा आहे; तथापि कमी किंमत हीच एकमेव कसोटी नव्हे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

तात्पर्य

रुग्ण, परिचारिका आणि शल्यविशारद यांच्या लेखी इमारत एकच असते. वीज कोणी बसविली आणि नळ कोणी, हे त्यांना ठाऊक नसते. कठीण प्रसंगी दिवा लागावा, प्राणवायू यावा, छत गळू नये, एवढीच त्यांची अपेक्षा असते. तेव्हा जी वास्तू एकसंध राहावयास हवी, तिच्या कर्त्यांचे हितही करारनाम्यानेच एकत्र बांधले जावे, हे या पद्धतीचे सार होय.