आज्ञावलीचे वळण

रोजकीर्दीतील नोंद शिकताना आपणा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच एक बारीक गोष्ट सांगितली जाते. नावे पडणारे खाते समासाला लागून लिहावयाचे. जमा होणारे खाते खालच्या ओळीवर, थोडे आत सरकवून, ‘टू’ लावून लिहावयाचे. हिशेबाच्या दृष्टीने या सरकवण्याला काही किंमत नाही. रक्कम कोणत्या रकान्यात पडली यावर सारे अवलंबून. तरीही तपासणाराची नजर आधी त्या सरकवण्यावर जाते आणि नावे कोणते, जमा कोणते, हे रकाना पाहण्याआधीच ती ठरवून टाकते.

संगणकाच्या आज्ञावलीचेही असेच आहे. प्रोग्रामर जो मजकूर टाईप करतो त्याला सोर्स कोड म्हणतात. हा कोड दोघे वाचतात, एक संगणक आणि दुसरा माणूस. सी, जावा, जावास्क्रिप्ट यांसारख्या भाषांत ओळ किती आत सरकवली आहे याच्याशी संगणकाला कर्तव्य नसते. तो कंस आणि अर्धविराम पाहतो. (पायथॉन ही भाषा याला ठळक अपवाद. तेथे ओळ किती आत आहे यावरच अर्थ ठरतो.) माणूस मात्र कंस मोजत बसत नाही, तो मांडणीवरून अर्थ लावतो. एकच मजकूर दोन वाचक दोन निरनिराळ्या खुणांवरून वाचतात, आणि धोका नेमका येथेच आहे.

एखाद्या बँकेच्या आज्ञावलीत पुढील तीन ओळी आहेत असे धरू. वाचण्यास सोपे जावे म्हणून शब्द मराठीत लिहिले आहेत. रचना सी भाषेची आहे.

जर (शिल्लक < रक्कम)
    सूचना_दे();
    व्यवहार_रद्द_कर();

आपला डोळा सांगतो की शिल्लक अपुरी असेल तर सूचना द्यावी आणि व्यवहार रद्द करावा. पण सी भाषेचा नियम असा की, महिरपी कंस घातला नसेल तर ‘जर’ची सत्ता लगतच्या एकाच वाक्यावर चालते. म्हणजे तिसरी ओळ ‘जर’च्या हाताखाली नाहीच. खात्यात लाखभर रुपये असले तरी व्यवहार रद्द होणार. मांडणी एक सांगते आणि यंत्र दुसरेच करते.

हे उदाहरण रचलेले आहे, पण याचाच सख्खा भाऊ 2014 साली जगापुढे आला. ॲपल कंपनीच्या आयफोनमध्ये व मॅक संगणकात सुरक्षित जोडणी तपासणारा एक कोड होता. आपण बँकेचे संकेतस्थळ उघडतो तेव्हा समोरचा सर्व्हर खराच बँकेचा आहे की कोणी तोतया, हे त्याच्या डिजिटल सहीवरून पडताळणे हे त्या कोडचे काम. त्यात एकामागून एक पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीखाली ‘चूक निघाल्यास फेल या खुणेकडे जा’ अशा अर्थाचे वाक्य होते; सी भाषेत ते ‘गोटू फेल’ असे लिहितात. एका पायरीखाली हे वाक्य दोनदा पडले, एकाखाली एक, दोन्ही सारखीच आत सरकवलेली. पहिले ‘जर’च्या ताब्यात होते. दुसरे कोणाच्याच ताब्यात नव्हते, त्यामुळे ते दर वेळी चालत असे. नियंत्रण तेथून थेट शेवटी उडी मारी, मधली सहीची पडताळणी वगळली जाई, आणि तोवर कोणतीच चूक नोंदलेली नसल्याने ‘सर्व ठीक’ असे उत्तर मिळे. एकाच वाय-फायवर बसलेल्या लबाडाला बँकेचे सोंग घेण्यास एवढे पुरेसे होते. 21 फेब्रुवारी 2014 रोजी ॲपलने आयफोनसाठी दुरुस्ती काढली, मॅकसाठी त्यानंतर काही दिवसांनी. हा दोष 2012 साली आलेल्या आयओएस 6 मध्येही होता, म्हणजे सुमारे दीड वर्ष तो लोकांच्या खिशात हिंडत होता. तो कोड गुपितही नव्हता. कंपनीने तो वाचावयास खुला ठेवला होता.

आता हाच कोड मांडणी करणाऱ्या यंत्रातून, म्हणजे फॉरमॅटरमधून काढला असता तर काय झाले असते? फॉरमॅटर हीही एक आज्ञावलीच. ती दुसऱ्या आज्ञावलीचा मजकूर वाचते, भाषेच्या व्याकरणानुसार त्याचा वृक्ष तयार करते (कोणते वाक्य कोणाच्या पोटात, हे त्या वृक्षात असते), लेखकाने सोडलेल्या मोकळ्या जागा बव्हंशी टाकून देते, आणि वृक्षावरून सारा मजकूर नव्याने लिहून काढते. आपल्या बँकेच्या तीन ओळी तिने अशा लिहिल्या असत्या:

जर (शिल्लक < रक्कम)
    सूचना_दे();
व्यवहार_रद्द_कर();

फॉरमॅटरला चूक कळलेली नाही. चूक आणि बरोबर यांतले त्याला काही कळत नाही. त्याने एवढेच केले की यंत्र जसे वाचते तसे कागदावर मांडले. पण त्यामुळे तिसरी ओळ समासाला येऊन उभी राहिली, आणि आता नवशिक्यालाही ती खटकेल. कोडची मांडणी एकसारखी ठेवणे म्हणजे केवळ नीटनेटकेपणाची हौस, असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते खरा लाभ हा आहे: डोळ्याला दिसते ते आणि यंत्राला कळते ते, यांत अंतर उरत नाही.

फॉरमॅटरचा जोडीदार म्हणजे लिंटर. हा काही बदलत नाही, फक्त संशयास्पद जागी बोट ठेवतो. बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी 1978 च्या सुमारास सी भाषेसाठी ‘लिंट’ नावाचे साधन लिहिले, त्यावरून हे नाव रूढ झाले. लिंट म्हणजे कपड्यावर चिकटणारी सुताची लव. ती झटकण्याचे काम. ‘गोटू फेल’सारखी फसवी मांडणी ओळखून इशारा देण्याची सोय पुढे 2016 साली जीसीसी या कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत आली.

येथे एक शंका निघते. मांडणीचे नियम कागदावर लिहून ठेवले आणि सर्वांनी पाळले तर यंत्र कशाला हवे? पायथॉनची ‘पेप 8’ ही नियमावली 2001 सालापासून आहेच. अडचण पाळण्याची नसून पाळून घेण्याची आहे. पाच जणांच्या गटात कोणीतरी फौजदार व्हावे लागते, आणि सहकाऱ्याचा कोड तपासावयास बसलेला माणूस मग कंसामागची जागा आणि ओळीची लांबी यांवरच शेरे मारीत बसतो. अंकाच्या संपादक मंडळावर ज्यांनी काम केले आहे त्यांना हे नवीन वाटणार नाही. ऱ्हस्व-दीर्घ सुधारता सुधारता रात्र होते, आणि लेखातील माहिती खरी आहे का हे विचारावयाचे राहूनच जाते. शिवाय यंत्राने दाखवलेली चूक मनाला लागत नाही. वर्गमित्राने दाखवलेली लागते.

आणि वाद तरी किती! ओळ आत घेण्यासाठी टॅबची कळ वापरावी की स्पेसची, यावर प्रोग्रामर मंडळी वर्षानुवर्षे भांडत आली आहेत. 2017 साली स्टॅक ओव्हरफ्लोच्या पाहणीत स्पेस वापरणारांचा पगार अधिक आढळला, तेव्हा या भांडणाला नवे तेल मिळाले. (सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे आपल्याला संख्याशास्त्राच्या तासाला सांगितलेले असते. स्पेस दाबून पगार वाढत नाही.) ओळीच्या लांबीचेही तेच. आयबीएमचे 80 रकान्यांचे छिद्रित कार्ड 1928 सालचे. ती कार्डे गेली, पण 80 चा आकडा मागे राहिला. पेप 8 मध्ये 79 अक्षरांची मर्यादा आहे, ब्लॅक नावाचा पायथॉनचा फॉरमॅटर 88 धरतो.

या वादांवर गो भाषेच्या कर्त्यांनी काढलेला तोडगा मला फार पसंत आहे. ही भाषा 2009 साली जाहीर झाली तेव्हापासून तिच्यासोबत ‘गोफुम्ट’ हा फॉरमॅटर येतो, आणि त्यात शैलीची निवड ठेवलेलीच नाही. टॅब म्हणजे टॅब. कोणाची आवड पूर्ण होत नाही, म्हणून कोणाला हरल्यासारखेही वाटत नाही. 2017 साली जावास्क्रिप्टसाठी आलेला ‘प्रेटियर’ आणि 2018 साली आलेला ‘ब्लॅक’ याच वाटेने गेले. त्यांत निवडी आहेत, पण मोजक्याच. ब्लॅक हे नाव हेन्री फोर्डच्या त्या प्रसिद्ध काळ्या मोटारीवरून घेतले आहे, रंग कोणताही मागा, मिळेल काळाच. ज्या साधनांत शेकडो निवडी असतात, त्यांत भांडण मिटत नाही. ते फक्त कोडमधून निघून निवडींच्या फाईलमध्ये जाऊन बसते. तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्या गटाने कमी निवडींचे साधन घ्यावे आणि पहिल्या दिवशीच घ्यावे.

वापरण्याची रीत सोपी आहे. फाईल जतन करताच एडिटरने आपणहून फॉरमॅटर चालवावा, ही पहिली पायरी. कोणी ते विसरले तर गिटमध्ये बदल नोंदण्याआधी आपोआप तपासणी व्हावी, ही दुसरी. आणि सर्वांचा कोड जेथे एकत्र येतो त्या सर्व्हरवर अखेरची; तेथे यंत्राने दुरुस्ती करू नये, मांडणी नियमाबाहेर असेल तर फक्त परत पाठवावे. गटातील सर्वांच्या संगणकांवर साधनाची एकच आवृत्ती असावी, नाहीतर एक यंत्र जे लिहिते ते दुसरे मोडते.

जुना कोड हाती आला असेल तर मात्र जपून. सर्व फायली एकदम फॉरमॅटरमधून काढल्या की हजारो ओळी ‘बदलल्या’ असे गिटला दिसते. त्यातच कोणी एखादी खरी दुरुस्ती मिसळली, तर ती गवताच्या गंजीत सुई. म्हणून मांडणीचा बदल स्वतंत्र नोंदीत करावा आणि त्या नोंदीत अर्थाचा एकही बदल नसावा. आणखी एक अडचण म्हणजे अमुक ओळ कोणी लिहिली असे पुढे विचारले, तर ज्याने फॉरमॅटर चालवला त्याचेच नाव सर्वत्र येते. गिटच्या 2019 सालच्या 2.23 या आवृत्तीपासून, ओळीचा कर्ता शोधताना अशा नोंदी वगळण्याची सोय झाली आहे. या साऱ्या खटाटोपात कोडचा अर्थच बदलणार नाही ना, अशी भीती वाटणे साहजिक आहे. ब्लॅक यासाठी मांडणी झाल्यावर नव्या मजकुराचा वृक्ष पुन्हा तयार करतो आणि तो जुन्याशी ताडून पाहतो. जुळला नाही तर फाईलला हात लावीत नाही.

तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे आपण मानीत नाही. कारखान्यासाठी घेतलेले यंत्र खरेदी खात्यात नावे टाकले तरी तेरीज बिनबोभाट जुळते. तत्त्वाची चूक तिला दिसत नाही. मांडणीच्या साधनांचे हेच आहे. बिलाच्या आज्ञावलीत 18 टक्क्यांच्या जागी 5 टक्के जीएसटी लिहिला, तर फॉरमॅटर तो 5 चा आकडा सुरेख जागी नेऊन ठेवील. चलाला ‘क’ असे नाव दिले तर ते ‘क’च राहील, फार तर लिंटर नाव लहान असल्याची कुरकुर करील. ते नाव ‘देय_कर’ असावयास हवे होते, हे त्याला सुचणार नाही.

एका ठिकाणी मात्र यंत्राला दूर ठेवणेच योग्य. प्राप्तिकराचे टप्पे किंवा घसाऱ्याचे दर कोडमध्ये तक्त्यासारखे लिहिले असतील, एकाखाली एक आकडे जुळवून, तर ती जुळणी मुद्दाम केलेली असते. चुकलेला आकडा रकान्यातून बाहेर डोकावतो आणि चटकन सापडतो. फॉरमॅटरला हे कळत नाही. तो सारे रकाने मोडून टाकतो. अशा तक्त्याच्या वर यंत्र थांबवण्याची खूण टीप म्हणून लिहावी. ब्लॅकमध्ये ती ‘एफएमटी ऑफ’, क्लँग-फॉरमॅटमध्ये ‘क्लँग-फॉरमॅट ऑफ’. आणि तक्ता संपताच खाली ‘ऑन’ लिहावयास विसरू नये, नाहीतर यंत्र पुढच्या ओळीही तशाच सोडून देते.