खोका तिघांसाठी भरायचा

अगं, पुण्याहून लेहला सायकल न्यायची म्हणतेस, तर तिकीट काढायच्या आधीच मामाचं ऐकून घे. सायकलचा खोका तिघांच्या हाती पडतो. पहिला, विमानात सामान चढवणारा. तू ‘उभा ठेवा’ असं कितीही मोठ्या अक्षरांत लिही, तो खोका आडवा टाकणार आणि वर दुसऱ्यांच्या बॅगा रचणार. दुसरा, सामानाच्या एक्स-रेवर बसलेला तपासनीस. त्याला शंका आली की तो खोका उघडणार. तिसरी तू स्वतः, लेहला उतरून धापा टाकणारी. या तिघांना डोळ्यांपुढे ठेवून खोका भर.

विमान कंपनीला आधी विचार: सायकल घेता का, पैसे किती, वजन किती चालेल? उत्तर ईमेलवर लेखी घे, कारण काउंटरवरच्या माणसाला फोनवरचं बोलणं दाखवता येत नाही. लांबी, रुंदी, उंचीची बेरीज १५८ सें.मी.च्या आत हवी, असा नियम बऱ्याच कंपन्यांचा असतो. सायकलचा खोका त्यात बसत नाही, तेव्हा मापं आधीच सांगून टाक.

खोका विकत घेऊ नकोस. दुकानात नव्या सायकली खोक्यातूनच येतात. आपल्या फ्रेमच्या मापाचा एक मागून आण. सोबत फोर्कच्या दोन टोकांमध्ये अडकवायचा प्लास्टिकचा तुकडाही माग. दुकानदार तो फेकूनच देतात. पुढचं चाक काढलं की फोर्कची टोकं मोकळी पडतात आणि वरून भार आला की आत दबतात. तो तुकडा त्यासाठी.

आता खोलायचं किती? कमीत कमी. जे खोलशील ते तिकडे तुलाच जोडायचंय. पुढचं चाक, पेडल, सीटपोस्ट, हँडल आणि मागचा डिरेल्युर, एवढं पुरे. सीटपोस्ट काढण्याआधी तो फ्रेममध्ये जिथे शिरतो तिथे चिकटपट्टीचा एक वेढा दे, म्हणजे उंची पुन्हा शोधत बसायला नको. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तिथे भलेभले जोर लावून आटेच घालवतात. खूण लक्षात ठेव: पाना पेडलवर उभा लाव आणि त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ओढ. दोन्ही बाजूंची पेडलं अशीच सुटतात. बसवताना पुढच्या चाकाकडे. आट्यांना आत्ताच ग्रीस लावून ठेव.

हँडल धरणाऱ्या पट्टीचे बोल्ट काढून हँडल फ्रेमला बांध आणि पट्टी, बोल्ट लगेच जागच्या जागी परत लाव. वरच्या टोपीच्या बोल्टला मात्र हात लावू नकोस. फोर्कच्या बेअरिंगचा ताण त्यानेच बसवलेला असतो. चेन मागच्या सगळ्यात लहान चकतीवर आण, डिरेल्युर सोडव, फडक्यात गुंडाळ आणि मागच्या त्रिकोणात आतल्या बाजूला बांध. तो बाहेर राहिला तर खोका आडवा पडताच तो ज्यावर बसतो तो हँगर वाकतो आणि मग गिअर नीट पडत नाहीत. डिस्क ब्रेक असतील तर पॅडच्या फटीत जाड पुठ्ठा खोच आणि चाक नसताना ब्रेकची मूठ चुकूनही दाबू नकोस; पॅड एकमेकांना चिकटून बसतात.

नळ्यांवर एसीच्या पाइपला घालतात तो काळा फोम चढव. स्वस्त असतो, हलका असतो. पुढच्या चाकाच्या आसाची टोकं पुठ्ठ्याने झाक, नाहीतर ती खोक्याला भोक पाडतात. सुटे नट-बोल्ट पिशवीत घालून पिशवी फ्रेमलाच बांध. खोक्याच्या तळाशी टाकलेला नट खोका उचलायच्या भोकातूनही पडतो.

टायर वर फुटेल म्हणून हवा पार काढतात, ती भीती खोटी. विमानाचा सामानाचा कप्पाही केबिनसारखाच दाबाखाली असतो आणि लेहची हवा केबिनमधल्या हवेपेक्षाही विरळ. लेहच्या रस्त्यावर टायर फुटत नाही, मग विमानात कसा फुटेल? तरीही कंपनीने सांगितलं तर वाद न घालता हवा कमी कर, फक्त रिमला गादी राहील एवढी ठेव.

तपासनिसासाठी: आतली बांधणी वेल्क्रोच्या पट्ट्यांनी कर. प्लास्टिकचे टाय तो कापेल आणि पुन्हा बांधायला त्याच्याकडे दुसरे नसतील. भरलेल्या खोक्याचा फोटो छापून झाकणाच्या आत चिकटव, म्हणजे काय कुठे होतं ते कळेल. टेपचं रीळ काउंटरपर्यंत जवळ असू दे. स्प्रेचे डबे आणि हवा भरायची गॅसची नळकांडी घरीच ठेव. पाने-हत्यारं खोक्यात, पॉवर बँक मात्र जवळच्या बॅगेत.

लेहला खोका पट्ट्यावर न येता बहुधा वेगळा आणून देतात. बाहेर पडण्याआधी तो चारी बाजूंनी बघ. फाटला असेल तर तिथेच उघड, फोटो काढ आणि तक्रार नोंदवून तिची प्रत घे. पुढे कधी परदेशी गेलीस तर ध्यानात ठेव, मॉन्ट्रियल करारानुसार मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते.

खोका धड असला तर त्या दिवशी उघडूच नकोस. लेहचं विमानतळ सुमारे ३,२५० मीटरवर आहे. समुद्रसपाटीच्या मानाने श्वासागणिक प्राणवायू दोन तृतीयांशच मिळतो. दोन दिवस पाणी पी, आराम कर, मग सावकाश सायकल जोड. बाजारापर्यंत एक फेरी मारून सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळ. खारदुंग लाची खिंड त्यानंतर.

आणि परत लेहहूनच येणार असशील तर खोका हॉटेलवाल्याकडे घडी करून ठेव. सायकलने मनालीला उतरणार असशील, तर तिथे खोका कुठून मिळेल ते पुण्यातूनच फोन करून ठरवून निघ.